ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल घरी बदलायचं? आधी लेव्हल कशी बघणार ते सांगा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी ९०,००० किमी चाललेली, सहा गिअरची ऑटोमॅटिक. सकाळी थंड असताना दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना झटका देते, गरम झाली की निवळते. सर्व्हिसवाले म्हणतात हे ऑइल आयुष्यभराचं आहे, हात लावू नका. एक मित्र म्हणतो, इतक्या उशिरा बदललंत तर गिअरबॉक्स बसेल. इंजिन ऑइल तुम्ही स्वतः बदलता, तर हेही घरी जमेल का?

जमेल. इंजिन ऑइल बदलणाऱ्याला यातलं एकही काम हाताबाहेरचं नाही. पण इंजिन ऑइलची सवयच इथे घात करते. तिथे बूच काढलं, सगळं ऑइल खाली आलं, नवा फिल्टर फिरवला, ठरलेले लिटर ओतले, डिपस्टिक बघितली, झालं. अर्धा लिटर इकडेतिकडे झाला तरी बहुतेक इंजिनं सांभाळून घेतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सांभाळून घेत नाही. गेली वीसेक वर्षं मी हेच डबे उघडतो आहे, आणि घरी ऑइल बदलल्यावर बिघडून आलेल्या गाड्यांत मला फिरून फिरून दोनच गोष्टी दिसल्या: ऑइल भलतंच भरलेलं, नाहीतर लेव्हल चुकलेली. काढताना कोणी चुकत नाही. जमिनीवर सांडवतात, तेवढंच.

म्हणून माझा उलटा प्रश्न: तुमच्या गाडीच्या गिअरबॉक्सची लेव्हल नेमकी कशी बघतात हे तुम्हाला माहीत आहे का? त्याचं उत्तर हातात येईपर्यंत बुचाला पाना लावू नका.

लेव्हलचं एवढं का, तर या ऑइलवर कामं फार आहेत. इंजिनची ताकद चाकांकडे जाते ती टॉर्क कन्व्हर्टरमधल्या ऑइलमधून. एका बाजूची पाती ऑइल भिरकावतात, समोरची पाती त्या माऱ्याने फिरतात. गिअर बदलतो तोही ऑइलच्या दाबावर: व्हॉल्व्ह बॉडीतल्या सुईएवढ्या वाटांतून ऑइल सोडलं जातं आणि ते एक क्लच दाबतं, दुसरा सोडतं. त्या क्लचच्या चकत्यांनी किती घसरावं आणि कुठे पकडावं हेही ऑइलमधली रसायनं ठरवतात. वर वंगण आणि थंडावा आहेच. लेव्हल कमी असली की पंप ऑइलसोबत हवा ओढतो, दाब डळमळतो, क्लच घसरून जळतात. जास्त असली तर फिरते भाग ऑइलमध्ये बुडून त्याचा फेस करतात. फेस दाबला जातो, म्हणजे पुन्हा दाब डळमळलाच. दोन्ही चुकांचा शेवट एकाच जागी होतो, हे नवख्यांना खरं वाटत नाही. ‘थोडं जास्तच असू दे, कमी नको’ हा इंजिनवाल्यांचा हिशेब इथे चालत नाही.

आता ‘आयुष्यभराचं ऑइल’. कोणाचं आयुष्य, हे कोणी सांगत नाही. झेडएफ ही जर्मन कंपनी अनेक नामांकित गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवते. गाडीवाले त्याच गिअरबॉक्सच्या ऑइलला आयुष्यभराचं म्हणतात, आणि झेडएफ स्वतः सांगते की ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा ८ वर्षं, जे आधी होईल तेव्हा बदला. ज्याने गिअरबॉक्स बनवला त्याचं ऐकायचं की ज्याला विक्रीच्या कागदावर देखभालीचा खर्च कमी दाखवायचा आहे त्याचं, हे तुम्ही ठरवा. मी बनवणाऱ्याचं ऐकतो. ऑइलला मारते ती उष्णता. रांगत जाणारी वाहतूक, घाट, मागे ट्रेलर, यांत ते फार लवकर म्हातारं होतं. मोकळ्या रस्त्यावर एका चालीत गेलेले ९०,००० आणि शहरात पहिल्या-दुसऱ्यावर घासलेले ९०,००० यांची बरोबरी नाही.

मित्राचं म्हणणं मात्र अगदीच हवेतलं नाही. लोक ऑइल बदलायला येतात कधी, तर गिअरबॉक्स घसरायला लागल्यावर. रेस वाढते, गाडी पुढे सरकत नाही, मग कोणीतरी सांगतं ऑइल बदल. तोवर क्लचची अस्तरं संपत आलेली असतात. नवं ऑइल पडतं, दोन आठवड्यांनी गिअरबॉक्स बसतो आणि आळ ऑइलवर येतो. म्हणून आधी रोग ओळखा. गाडी समतल जागी उभी करून, पाय ब्रेकवर ठेवून एनमधून डीमध्ये टाका. गिअर बसल्याचा हलका धक्का सेकंदभरात जाणवायला हवा. तीन सेकंद वाट पाहावी लागत असेल, किंवा चालत्या गाडीत गिअर बदलताना इंजिनची रेस मध्येच उसळत असेल, तर ऑइलच्या आशेवर बसू नका. आधी स्कॅनरवर फॉल्ट कोड बघा आणि दाब मोजून घ्या. तुमच्यासारखा थंडीतला झटका, किंवा बेताच्या वेगात हलक्या पायाने चालवताना रस्त्यावरच्या बारीक पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर, ही मात्र ऑइल थकल्याची लक्षणं असू शकतात. त्या थरथरीत बहुधा कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच (चालत्या गाडीत कन्व्हर्टरच्या दोन बाजू थेट जोडणारा) नीट पकडत नसतो, आणि नव्या ऑइलने ती गेलेली मी अनेकदा पाहिली आहे.

थोडं ऑइल पांढऱ्या कागदावर टाकून बघा. लाल किंवा तांबूस-तपकिरी आणि पारदर्शक थेंब कागदात पसरत गेला तर ठीक. काळा थेंब मधोमध बसून राहिला आणि जळका वास आला तर क्लच भाजलेला आहे. गुलाबी दुधासारखं दिसलं तर थांबा: रेडिएटरच्या आतल्या कूलरमधून कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरतो आहे. तो दोष काढल्याशिवाय ऑइल बदलणं म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी.

त्याआधी एक साधी खात्री. तुमचा गिअरबॉक्स खरोखर टॉर्क कन्व्हर्टरवालाच आहे ना? क्लच पेडल नाही एवढ्यावरून काही ठरत नाही. सीव्हीटीत पट्टा आणि पुली असतात, त्याचं ऑइल वेगळं. त्यात साधं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिकचं नेहमीचं ऑइल, घातलं तर पट्टा पुलीवर घसरून दोघांची वाट लागते. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर यंत्राने हलतात. त्याला मॅन्युअलचंच गिअर ऑइल. डबल क्लचमध्ये ओला (क्लच ऑइलमध्ये बुडालेला) आणि कोरडा असे दोन प्रकार. फोक्सवॅगनच्या सहा गिअरच्या ओल्या डीएसजीला दर ६०,००० किमीला ऑइल आणि फिल्टर बदलायला कंपनीच सांगते, आणि त्याची रीतही निराळी. खाली लिहिलेलं सगळं टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गिअरबॉक्सचं आहे.

ऑइल कोणतं, याचं उत्तर गाडीच्या पुस्तकात. दुकानदाराच्या फळीवर नाही आणि माझ्याकडेही नाही. टोयोटा डब्ल्यूएस, होंडा डीडब्ल्यू-१, ह्युंदाई-किआ एसपी-४, डेक्सरॉन ६, मर्कॉन एलव्ही, झेडएफ लाइफगार्ड ही नुसती बाटल्यांवरची नावं नाहीत. प्रत्येकाची जाडी आणि घर्षणाची रसायनं वेगळी. टोयोटाच्या टी-४ मागणाऱ्या जुन्या गिअरबॉक्समध्ये नवं म्हणून डब्ल्यूएस ओतायचं नसतं, कारण ते पातळ आहे. नवं ते जुन्याला चालेलच, हा समज इथे सोडा. लाल रंगावर तर मुळीच जाऊ नका. रंग गळती कुठली आहे ते ओळखू यावं म्हणून मिसळलेला असतो, त्याला गुण नाही.

घर्षणाच्या रसायनांवरून एक जुनी गंमत. पूर्वी एटीएफमध्ये या कामासाठी स्पर्म व्हेलचं तेल घालत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि ऑइलवाल्यांना त्याच्या तोडीचं काही शोधताना चांगलाच घाम फुटला. एका थेंबात केवढी करामत असते ते त्यावरून कळतं.

‘सगळ्या गाड्यांना चालतं’ अशी बाटली असते ना, तिच्या मागचा मजकूर वाचा. तुमच्या पुस्तकातलं नाव तिथे ‘मान्यताप्राप्त’ म्हणून आहे की ‘योग्य ठरेल’ म्हणून, यात फरक आहे. पहिलं असेल तर मी वापरतो. दुसरं असेल तर गाडीच्या कंपनीचंच आणतो. काही शे रुपयांची बचत की अख्खा गिअरबॉक्स, असा तो सौदा आहे.

आता कामाकडे. पुस्तकातून किंवा सर्व्हिस मॅन्युअलमधून चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: ऑइलचं नाव, बुचांच्या जागा, बुचांचा आणि पॅनच्या (गिअरबॉक्सच्या तळाच्या ताटलीच्या) बोल्टांचा टॉर्क, म्हणजे किती जोराने आवळायचं ते, आणि लेव्हल बघायची रीत तापमानासकट. बुचांच्या जागा मुद्दाम लिहा म्हणतो. काही गाड्यांत इंजिनचं आणि गिअरबॉक्सचं ड्रेन बूच हातभर अंतरावर असतात. इंजिनचं समजून गिअरबॉक्स रिकामा करायचा आणि वरून इंजिनमध्ये आणखी चार लिटर ओतायचे, असे पराक्रम पगारी मेकॅनिकांनीही केलेले आहेत. खाली लाल पडायला लागलं की समजायचं.

गाडी दहा मिनिटं फिरवून आणा. ऑइल कोमट झालं की घाण तरंगती राहते आणि ते पातळ होऊन बाहेर पडतं. मात्र लांबच्या प्रवासावरून येऊन लगेच बूच काढू नका. ९० अंशाचं ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं आणि हात झटकायलाही जागा नसते.

गाडी उचलायची ती चारही बाजूंनी सारखी, चार स्टँडवर. जॅक फक्त उचलायला, गाडी तोलून धरायला नाही. इंजिन ऑइलला पुढची दोन चाकं वर केली की भागतं. इथे नाक वर असेल तर लेव्हल चुकणारच, आणि तुम्हाला गाडीखाली इंजिन चालू असताना जायचं आहे. चारही बाजूंनी घट्ट, समतल उभी करायची सोय नसेल तर घरी करू नका. यात कमीपणा काही नाही; लिफ्टवाल्या गॅरेजमध्ये हे काम सोपं आहे.

खाली गेल्यावर पहिलं काम ड्रेनचं बूच नाही. आधी फिलरचं, म्हणजे ऑइल भरायचं, बूच सैल करा. वर्षानुवर्षं न हललेलं ते बूच गंजून बसलेलं असतं. ड्रेन उघडून ऑइल सांडल्यावर कळलं की फिलर उघडत नाही, तर गाडी तिथेच अडकली. बुचाभोवतीची माती आधी ब्रशने झाडा. व्हॉल्व्ह बॉडीला वाळूचा एक कण पुरे होतो.

मग ड्रेन. इथे एक फसगत ठरलेली आहे. बऱ्याच नव्या गिअरबॉक्सना ड्रेन आणि लेव्हल यांचं बूच एकच असतं. बाहेरचं बूच काढलं की आत उभी नळी दिसते. लेव्हलच्या वरचं ऑइल तिच्या तोंडातून सांडतं आणि धार थांबते. अर्धा लिटर येतं, नाहीतर तेवढंही नाही. माणूस म्हणतो, झालं वाटतं रिकामं! झालेलं नसतं. षटकोनी कीने ती नळी फिरवून काढली की खरं ऑइल येतं. नळी बहुधा प्लास्टिकची, तिला जोर लावायचा नाही. आणि भरण्याआधी ती परत बसवायची. नळी बाकावर राहिली आणि भरत बसलात तर जेवढं ओताल तेवढं खालून निघून जाईल.

निघालेलं ऑइल मोजा. खुणा असलेल्या भांड्यात घ्या आणि आकडा लिहून ठेवा, सांडलेल्याचा अंदाज धरून. आधी लेव्हल बरोबर होती असं धरलं तर जेवढं निघालं तेवढं भरलं की आपण लेव्हलच्या अगदी जवळ पोचतो. एखादा पुस्तकातला आकडा बघून आठ लिटर ओततो. पुस्तकात कोरड्या गिअरबॉक्सची क्षमताही दिलेली असते, आणि ड्रेनमधून निघतं ते बहुधा तिच्या निम्म्याहून कमी. बाकीचं कन्व्हर्टरमध्ये, कूलरच्या नळ्यांत, क्लचच्या पोटात राहतं.

पॅन उतरवायचा असेल तर एका बाजूचे दोन बोल्ट अर्धवट ठेवून बाकीचे काढा, म्हणजे पॅन एका कोपऱ्यातून कलतो आणि उरलेलं ऑइल भांड्यात पडतं. सगळे बोल्ट काढून दोन्ही हातांत पॅन पेलायचा प्रयत्न माणूस एकदाच करतो.

पॅनच्या तळाशी चुंबक असतात. मला विचाराल तर सगळ्या कामात बघण्यासारखी जागा हीच. चुंबकावर राखाडी-काळी साय जमलेली असते, गालिच्यासारखी लव आलेली. ती बोटांत चोळा. काजळासारखी मऊ लागली, बोटांच्या रेषांत शिरली आणि खरखर लागली नाही, तर हे साधं झिजणं आहे. ९०,००० किमीला एवढं असणारच. बोटाला टोचलं, सुईच्या टोकासारखे किंवा चकतीच्या तुकड्यासारखे कण निघाले, तर आत दात किंवा बेअरिंग तुटतं आहे. पॅनमध्ये सोनेरी चमक दिसली आणि ती चुंबकाला चिकटत नसेल तर बुश (फिरत्या दांड्याभोवतीचं मऊ धातूचं कडं) झिजला आहे. काळा, कॉफीच्या चोथ्यासारखा गाळ म्हणजे क्लचचं अस्तर. फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी ताडून बघायला लागतो. मग चुंबक पुसून जिथले तिथे बसवा. ते आपल्या जागीच हवेत, कारण भलतीकडे ठेवलेला चुंबक फिल्टरला किंवा सेन्सरला आडवा येतो.

फिल्टर बदलताना माझी स्वतःची एक चूक सांगतो. सुरुवातीच्या दिवसांतली. फिल्टरच्या नळीवर रबरी रिंग असते, ती व्हॉल्व्ह बॉडीच्या भोकात घट्ट बसते. जुना फिल्टर ओढला, तो सुटून हातात आला, नवा दाबून बसवला. थोडा जड गेला, पण गेला. संध्याकाळी गाडी छान चालली. दुसऱ्या दिवशी मालक परत: सकाळी सुरू केली की खालून कुईऽ आवाज, आणि रिव्हर्स टाकला की गाडी विचार करते. लेव्हल बघितली, बरोबर. पुन्हा सगळं उतरवलं. भोकात बोट घालून फिरवलं तर कड लागली. जुनी रिंग तिथेच बसलेली! काळ्या भोकात काळी रिंग, दिसणार कशी. नवी तिच्यावर अर्धवट टेकलेली, आणि त्या फटीतून पंप हवा ओढत होता. तेव्हापासून जुन्या फिल्टरवर रिंग मोजल्याशिवाय मी नवा हातात घेत नाही. अडकली असेल तर लाकडी किंवा प्लास्टिकच्या काडीने काढायची. स्क्रू ड्रायव्हरचा ओरखडा भोकाला पडला तर तीच गळती कायमची.

झेडएफच्या सहा आणि आठ गिअरच्या बऱ्याच गिअरबॉक्सना पॅन प्लास्टिकचा आणि फिल्टर त्यातच. तो अख्खा बदलतात. काही गिअरबॉक्समध्ये फिल्टर आत, गिअरबॉक्स खोलल्याशिवाय न मिळणारा. तिथे फक्त ड्रेन आणि भरणं.

पॅन बसवताना जुन्या गॅस्केटचा लगदा हळू खरवडा, धातूला चरे पाडू नका. जिथे कंपनीने गॅस्केट दिलं आहे तिथे वरून सिलिकॉन फासू नका. त्याचे शेवयांसारखे तुकडे आत सुटतात आणि फिल्टरच्या तोंडाशी जाऊन बसतात. पुसायला सुती चिंधी नको, धागे सुटतात. बोल्ट हाताने सगळे धरवा, मग समोरासमोर, आलटून पालटून. त्यांचा टॉर्क फार थोडा असतो, बऱ्याच गाड्यांत १० न्यूटन-मीटरच्या आसपास. मनगटाने आवळलं तरी तो ओलांडता येतो. गळती नको म्हणून जोर लावलात की अॅल्युमिनियममधले आटे जातात आणि मग खरी गळती सुरू होते. ड्रेनच्या बुचाला नवा वॉशर.

भरणं. डिपस्टिक असेल तर तिच्याच नळीतून, बारीक लांब नरसाळ्याने. नसेल तर बाजूच्या भोकात हातपंपाने. निघालं तेवढं भरा आणि बूच हलकं लावा. लेव्हल अजून बघायची आहे.

आता इंजिन चालू करा. ब्रेक दाबून पी, आर, एन, डी असं प्रत्येक जागी चार-पाच सेकंद थांबत दोन फेऱ्या मारा, म्हणजे रिकाम्या झालेल्या वाटांत ऑइल शिरतं. पुन्हा पी. इथून पुढे तापमानाचा खेळ. ऑइल तापलं की फुगतं: आठ लिटर ऑइल ५० अंशांनी तापलं तर सुमारे ३०० मिली वाढतं. म्हणून ‘लेव्हल बरोबर आहे’ हे वाक्य तापमानाशिवाय निरर्थक. डिपस्टिक नसलेल्या गाड्यांत लेव्हल बहुधा ३५ ते ४५ अंशांच्या आसपास बघतात. तुमच्या गाडीचा पल्ला पुस्तकातला धरा. हाताने पॅन चाचपून तापमान कळत नाही. ओबीडीला (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला) लावायचा साधा स्कॅनर आणा, पण त्याला इंजिनच्या कूलंटचं नव्हे तर गिअरबॉक्सच्या ऑइलचं तापमान दाखवता येतं का ते आधी बघून घ्या.

आकडा पल्ल्यात आला की इंजिन चालू ठेवून लेव्हलचं बूच काढा. जाड धार आली तर जास्त आहे, सांडू द्या. धार बारीक होत तुटायला लागते आणि थेंब थेंब पडतात, त्या क्षणी बूच लावा. काहीच आलं नाही तर कमी आहे: थोडं थोडं भरत राहा, सांडेपर्यंत. या खटपटीत पारा पल्ल्याच्या वर गेला तर घाई नको. बंद करा, गाडी थंड होऊ द्या, पुन्हा सुरू करा. मी यात तासभर घालवतो आणि मला त्याचं काही वाटत नाही. इंजिन बंद ठेवून बूच काढलंत तर पंपाने वर उचललेलं ऑइल खाली उतरतं, लेव्हल खोटी जास्त दिसते आणि चांगलं लिटरभर ऑइल सांडून जातं. गाडीखाली जाताना हँडब्रेक, चाकांना ठोकळे, गाडी उघड्यावर, आणि शेजारचा सायलेन्सरचा पाइप भाजतो हे लक्षात.

डिपस्टिकवाल्यांचं सोपं. गाडी चांगली गरम करून आणा, समतल जागी इंजिन चालू, पुस्तकात सांगितलं असेल त्या पी किंवा एनमध्ये. काडी पुसा, घाला, काढा, ‘हॉट’च्या खुणांत बघा. दोन्ही बाजू वेगळं दाखवत असतील तर कमी असेल ती खरी. अपवाद होंडाचा: तिथे गरम गाडीचं इंजिन बंद करून ६० ते ९० सेकंदांत बघायचं. म्हणूनच म्हटलं, आधी रीत शोधा.

आता किती बदललं याचा हिशेब. गिअरबॉक्समध्ये एकूण ८ लिटर आणि निघालं साडेतीन, तर नवं झालं ४४ टक्के. तेच पुन्हा केलं तर ६८. तिसऱ्यांदा ८२. माझा सल्ला: पॅन आणि फिल्टर आता करा, हजारेक किमी चालवा, मग नुसतं ड्रेन करून पुन्हा भरा. तेवढं पुष्कळ झालं. कूलरची परतीची नळी सोडून, इंजिन चालू करून गिअरबॉक्सच्याच पंपाने सगळं ऑइल बाहेर काढायची रीतही आहे आणि ती खरीच सगळं बदलते, पण एक माणूस खाली आणि एक चावीवर हवा. दहा सेकंद उशीर झाला तर पंप कोरडा फिरतो. पहिल्यांदा करणाऱ्याला मी ती सांगत नाही. इतकी वर्षं हात न लागलेल्या गिअरबॉक्सला मशीनने दाब देऊन धुवायलाही माझा विरोध आहे. कोपऱ्यात निवांत बसलेला गाळ उठवून व्हॉल्व्ह बॉडीत कशाला पाठवायचा?

जुनं ऑइल झाकणाच्या डब्यात भरून वापरलेलं ऑइल घेणाऱ्याकडे द्या, गटारात किंवा मातीत नाही. रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी तो कोरडा असेल तर बुचं नीट बसली आहेत. पहिले शे-दोनशे किमी गिअर बदलण्याची जाणीव थोडी वेगळी वाटेल, कारण कॉम्प्युटर जुन्या थकलेल्या ऑइलच्या हिशेबाने दाब लावत होता. स्कॅनरने ती शिकवण पुसता आली तर पुसा, नाहीतर हलक्या पायाने चालवत राहा.

तुमचा तो सकाळचा झटका पहिल्या बदलानंतर कमी व्हायला हवा आणि दुसऱ्यानंतर बहुतेक जायला हवा. दुसऱ्यानंतरही तितकाच राहिला, तर तिसऱ्यांदा ऑइल आणू नका. मग दोष सोलेनॉइडमध्ये (ऑइलची वाट उघड-बंद करणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हमध्ये) किंवा व्हॉल्व्ह बॉडीत असण्याची शक्यता जास्त. तेव्हा चुंबकाचे फोटो आणि निघालं-भरलं याचे आकडे घेऊन गिअरबॉक्सवाल्याकडे जा. तो पहिला प्रश्न लेव्हलचाच विचारेल.